थोरली सॅफेनस: पायातल्या सर्वांत लांब शिरेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सर्जन आहे. त्याआधी काही काळ शरीररचनाशास्त्र विभागात विद्यार्थ्यांना डिसेक्शन शिकवत होतो. तेव्हा विद्यार्थी या शिरेबद्दल विचारायचे, आता रुग्ण विचारतात. आणि लग्नाच्या पंगतीत एखादे काका पँट वर करून "हे बघा हो जरा" म्हणतात, ते वेगळंच. त्या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पाय प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कुणाचाही उपचार ठरत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

ही शीर पायात नेमकी कुठे असते?

अनवाणी दोन मिनिटं उभे राहा. आतल्या बाजूच्या घोट्याचं हाड चाचपा आणि बोट त्याच्या पुढच्या कडेवर, किंचित वर सरकवा. कातडीखाली मऊ, दाबल्यावर चपटी होणारी निळसर नळी लागेल. हीच थोरली सॅफेनस. पाय फार सुजलेला किंवा स्थूल नसेल तर बहुतेकांना ती सापडते.

पावलाच्या पाठीवर शिरांची एक कमान असते. त्या कमानीच्या अंगठ्याकडच्या टोकाला ही सुरू होते. घोट्याच्या पुढून वर येते आणि पोटरीच्या आतल्या बाजूने चढते. गुडघ्याशी मात्र मागे सरकते, वाटीच्या आतल्या कडेपासून साधारण पंजाभर मागे. मग मांडीच्या आतल्या अंगाने जांघेपर्यंत जाते. तिथे मांडीच्या जाड आवरणात एक अंडाकृती खिडकी असते. तिच्यातून ती आत बुडी मारते आणि खोलवरच्या फेमोरल शिरेला मिळते. या संगमाची जागा जघनास्थीच्या गाठीपासून 3-4 सेंटिमीटर खाली आणि बाहेरच्या बाजूला असते. घोटा ते जांघ एवढा प्रवास करणारी दुसरी शीर शरीरात नाही.

पोटरीवर गांडुळासारखी वेटोळी दिसतात ती बहुधा सॅफेनस नसते, तिच्या फांद्या असतात. मुख्य शीर पातळ आवरणाच्या दोन थरांमध्ये बसलेली असते, त्यामुळे ती सहसा इतकी वाकडीतिकडी होत नाही. सोनोग्राफीत आडव्या छेदात हे दोन थर पापण्यांसारखे आणि मधली शीर बुबुळासारखी दिसते. फांद्यांना असा आधार नसतो, म्हणून फुगतात त्या.

"नस" आणि "शीर" एकच ना?

मराठीत "नस" या शब्दाला तीन-तीन कामं आहेत. "कमरेत नस दबली" म्हणतो तेव्हा ती मज्जातंतूची गोष्ट असते. "पायाच्या नसा फुगल्या" म्हणजे शिरा. आणि रात्री पोटरीत गोळा आला की "नसेवर नस चढली", हे स्नायूचं आखडणं असतं. तिघांचे डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या. मी इथे "शीर" म्हणतो ती अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी.

गंमत म्हणजे गुडघ्याखाली सॅफेनस शिरेच्या अगदी अंगाला लागून त्याच नावाचा मज्जातंतू चालतो. आतल्या पोटरीची आणि घोट्याची जाणीव त्याच्याकडे. शिरेवर काम करताना तो दुखावला तर तिथली कातडी बधिर होते. ऑपरेशननंतर "इथे हात लावला तरी कळत नाही" असं रुग्ण सांगतात ते यामुळे. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडासा राहतो.

सॅफेनस हे नाव कुठून आलं?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही नेमकी उलट. ग्रीक शब्दावरून आलं म्हणणाऱ्यांच्या मते अर्थ "उघड दिसणारी". अरबी वैद्यांच्या "अल-साफिन" वरून आलं म्हणणाऱ्यांच्या मते "लपलेली". घोट्याशी ती दिसते, मांडीत दिसत नाही, त्यामुळे मला दोन्ही पटतात.

मग धाकटी सॅफेनस कोणती?

तिची सुरुवात करंगळीच्या बाजूला. बाहेरच्या घोट्याच्या *मागून* जाते, पोटरीच्या मधोमध वर चढते आणि बहुतेकदा गुडघ्याच्या मागच्या खळगीत खोल शिरेला मिळते. बहुतेकदा म्हणतो, कारण तिचा संगम माणसागणिक वर-खाली असतो. कधी ती तिथे न थांबता मांडीच्या मागून वर जाते आणि थोरलीला जोडली जाते. त्या जोडशिरेला इटालियन शरीररचनाकार जाकोमिनी यांचं नाव आहे. परीक्षेसाठी एवढं पुरे: थोरली घोट्याच्या पुढून, धाकटी मागून.

शिरा फुगतात कशामुळे?

ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे पटकन कळतं. मोटारीच्या पाइपाला तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो, गावाकडे ज्याला सरळ "फुटबॉल" म्हणतात. तो गळायला लागला की मोटार बंद होताच पाइपातलं सगळं पाणी परत विहिरीत. पायातही असंच आहे, फक्त इथे एक फुटबॉल नसून वरपर्यंत ओळीने बसवलेल्या झडपा आहेत. थोरल्या सॅफेनसमध्ये त्या साधारण 10 ते 20 असतात, गुडघ्याखाली जास्त दाट. रक्ताला वर जाऊ द्यायचं आणि खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम.

पंपाचं काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल झाला की रिकाम्या झालेल्या खोल शिरा वरवरच्या शिरांमधलं रक्त ओढून घेतात. नुसतं उभं राहिलं तर पावलाच्या शिरेतला दाब 90 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो 30 च्या खाली येतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं त्या दाबाखाली राहिलेल्या फांद्या फुगतात, लांबतात आणि जागा पुरेना म्हणून वेटोळी घालतात.

हे कुणाला होतं?

आई-वडिलांना असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता वाढते. वय, लठ्ठपणा आणि गरोदरपण ही बाकीची मोठी कारणं. उभं राहण्याचं काम त्यात भर घालतं: कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, न्हावी, हॉटेलातले आचारी. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पहाटे चारपासून ओट्याशी उभ्या, आणि उजव्या पोटरीवर करंगळीएवढी जाड वेटोळी. म्हणाल्या, "डॉक्टर, चालताना दुखत नाही, लाटताना दुखतं." आजाराचं इतकं अचूक वर्णन पुस्तकातही सापडत नाही.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि पुढे गर्भाशयाचा दाबही येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत यातलं बरंचसं आपोआप ओसरतं. म्हणून तेवढा काळ थांबतात, लगेच लेझरची घाई करत नाहीत.

शिरा दिसतात, पण त्रास काहीच नाही. उपचार घ्यायलाच हवेत का?

नाही.

घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली आहे. हा नायटा आहे का?

शिरा फुगलेल्या असतील तर बहुधा नाही, आणि माझी खरी चिंता इथूनच सुरू होते. दाबामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह कातडीत साचतं आणि तपकिरी-काळा पट्टा तयार होतो. तिथे खाज येते, कातडी कोरडी आणि टणक होते. लोक याला इसब किंवा नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात आणि वर्षानुवर्षं चोळत राहतात. मग एक दिवस खुर्चीचा पाय लागतो किंवा डास चावल्यावर खाजवलं जातं, आणि जखम होते ती भरतच नाही.

"मधुमेहाची जखम आहे" असंही सांगितलं जातं. असू शकते. पण मधुमेहाच्या जखमा जास्त करून तळव्यावर आणि बोटांवर होतात. आतल्या घोट्याच्या वरची, उथळ, ओलसर, भोवती काळी कातडी असलेली जखम दिसली तर शिरांची तपासणी व्हायलाच हवी. नुसतं ड्रेसिंग करत राहिलं तर ती भरते आणि पुन्हा फुटते.

बायपास तर हृदयाचा, मग पायाला एवढी चीर का?

हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालायला नळी लागते. ती लांब हवी, पुरेशी जाड हवी, सहज हाती यायला हवी आणि काढल्यावर मूळ जागी फारसं बिघडायला नको. थोरली सॅफेनस या चारही अटींत बसते. एकाच शिरेचे तुकडे करून दोन-तीन वळसे घालता येतात.

पॅरिसमध्ये जाँ क्युन्लँ यांनी 1948 मध्ये पायातल्याच बंद धमनीला ही शीर वापरून बायपास केला. हृदयासाठी हे तंत्र रुळवलं ते अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 1967 पासून. भारतात 1975 मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया केली.

इथे पुन्हा झडपांचा प्रश्न येतो. शीर काढून आहे तशी जोडली तर झडपा रक्त अडवतील. म्हणून ती उलटी करून लावतात. घोट्याकडचं टोक महाधमनीला, जांघेकडचं टोक हृदयाच्या धमनीला. मग झडपा रक्ताच्या वाटेत येत नाहीत. विद्यार्थ्यांना मी हे वहीवर चित्र काढून दाखवायला सांगतो, आणि अर्धा वर्ग टोकं चुकवतो.

या नळीची मर्यादाही आहे. आयुष्यभर कमी दाबात राहिलेल्या शिरेला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होत जाते आणि पुढे तिच्यातही चरबी साचते. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खूप अरुंद होतात. छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी वापरली तर 10 पैकी 9 त्या मुदतीत चालू असतात. म्हणून सर्वांत महत्त्वाच्या जागी छातीची धमनी आणि बाकीच्या जागी पायाची शीर, अशी वाटणी बहुतेक सर्जन करतात. बायपासनंतर "आता सगळं ठीक आहे" म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नका, असं आम्ही जीव तोडून सांगतो ते याच शिरेसाठी.

बायपास झालेला पाय सुजतो आणि अधूनमधून लालही होतो. काय करू?

सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, घोट्याशी सूज येणं नेहमीचं आहे. बसताना पाय स्टुलावर ठेवा.

पण थंडी वाजून ताप आणि पाय लालभडक, गरम, असं वारंवार होत असेल तर आधी पायाच्या बोटांच्या बेचक्या बघा. तिथे चिखल्या सापडतात. शीर काढलेल्या पायातला निचरा थोडा मंद असतो, आणि चिखल्यांच्या भेगांतून जंतू आत शिरले की कातडीखाली पसरतात. आमच्याकडे पावसाळा सुरू झाला की असे रुग्ण येऊ लागतात. तापाला प्रतिजैविक लागतंच, पण बुरशीचं मलम लावून बेचक्या कोरड्या ठेवल्या नाहीत तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पुढे बायपासला लागली तर? म्हणून फुगलेली शीर राखून ठेवू का?

फुगलेली, गळकी शीर बायपासला सहसा कामाची नसते. ती राखून काही हाती लागत नाही. निरोगी शीर मात्र विनाकारण कुणालाही काढू देऊ नका.

डॉपलरच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं?

डॉपलर म्हणजे शिरेतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये "जीएसव्ही" म्हणजे थोरली, "एसएसव्ही" म्हणजे धाकटी आणि "एसएफजे" म्हणजे जांघेतला संगम. जुन्या रिपोर्टांत "एलएसव्ही" सापडतं. त्याचा अर्थ लाँगही होतो आणि लेसरही, म्हणजे थोरली की धाकटी याचाच पत्ता नाही. हा घोळ मिटावा म्हणून 2001 मध्ये रोमला तज्ज्ञांनी बसून नावं ठरवली, पण सवयी जाता जात नाहीत.

मग "रिफ्लक्स" शोधा. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त खाली परत येतं का आणि किती वेळ, हे यात मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह असेल तर झडप गळकी समजतात. ही तपासणी उभं करून झाली पाहिजे. झोपवून पाच मिनिटांत उरकलेला "नॉर्मल" रिपोर्ट मी पुन्हा करायला लावतो. शिरेची जाडीही लिहिलेली असते, मांडीत साधारण 3-4 मिलिमीटर. पण थोडी जाड आहे एवढ्यावरून ऑपरेशन ठरवायचं नसतं.

खोल शिरा मोकळ्या आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आणि एक धोक्याचं नाव: "सुपरफिशियल फेमोरल व्हेन". नावात सुपरफिशियल आहे, म्हणजे वरवरची, पण ती खोल शीर आहे. तिच्यात गुठळी असेल तर ते डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी), आणि ताबडतोब रक्त पातळ करायचं औषध लागतं. नाव वाचून "वरवरचीच आहे, मलम लावा" असं म्हणण्याची चूक डॉक्टरांकडूनही झालेली आहे. आता तिला नुसतं फेमोरल व्हेन म्हणायचं ठरलं आहे. रिपोर्टात जुनं नाव आणि पुढे "थ्रॉम्बस" (गुठळी) दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेझर, ग्लू, फोम, स्ट्रिपिंग: यातलं काय करावं?

तत्त्व एकच, गळकी शीर वापरातून काढायची. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग 1890 च्या सुमारास ती बांधून टाकत. पुढे तार घालून ती ओढून काढणं आलं, तेच स्ट्रिपिंग. आता शिरेत बारीक नळी घालून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती आतून भाजून बंद करतात. भोवती भरपूर पातळ केलेलं भुलीचं औषध टोचतात, त्यामुळे दुखतही नाही आणि आजूबाजूचं भाजतही नाही. त्याच दिवशी माणूस चालत घरी जातो. ग्लूने शीर चिकटवतात, उष्णता नसते. फोम म्हणजे शिरेच्या आतलं अस्तर जाळणारं फेसाळ औषध, फांद्यांसाठी आणि पुन्हा आलेल्या शिरांसाठी सोयीचं.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2013 मध्ये क्रम दिला तो असा: आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. मीही साधारण तसाच जातो. पण चांगल्या हाताने केलेलं स्ट्रिपिंग आजही वाईट नाही. पैशाची ओढाताण असेल तर केवळ "लेझर" शब्दासाठी कर्ज काढू नका. कुठलाही उपचार केला तरी काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात, हे आधीच विचारून घ्या.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

पायातलं सुमारे 90 टक्के रक्त मुळात खोल शिरांमधूनच वर जातं. गळकी सॅफेनस वर कमी नेत होती, खाली जास्त आणत होती. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. जुन्या गुठळीने खोल शिरा बुजल्या असतील तर वरवरची शीरच पायाचा निचरा सांभाळत असू शकते. अशा पायात ती विचार न करता बंद केली तर पाय आणखी सुजतो.

फुगलेली शीर अचानक दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली. घाबरू का?

त्या शिरेत रक्त गोठलं आहे. पुष्कळदा ते तिथेच जिरतं, पण सोनोग्राफी करूनच ठरवायचं. गुठळी 5 सेंटिमीटर किंवा जास्त लांब असेल तर रक्त पातळ करणारं इंजेक्शन कमी मात्रेत साधारण 45 दिवस देतात. जांघेच्या संगमापासून 3 सेंटिमीटरच्या आत पोचली असेल तर डीव्हीटीसारखेच पूर्ण उपचार. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका.

अंघोळ करताना शिरेतून रक्ताची चिळकांडी उडाली. अशा वेळी काय करायचं?

खाली झोपा. पाय भिंतीला लावून वर करा. स्वच्छ कापड ठेवून नेमक्या त्या ठिकाणी बोटाने दाबून धरा आणि दहा मिनिटं अजिबात उचलून बघू नका. एवढ्याने जवळपास नेहमी थांबतं.

घरचे लोक काय करतात? रुग्णाला खुर्चीत बसवतात आणि मांडीला ओढणी करकचून बांधतात. त्याने शिरेतलं रक्त वर जायचं थांबतं, धमनीतून येणारं येतच राहतं, आणि रक्तस्राव वाढतो. गरम पाणी, पातळ झालेली कातडी आणि उभं राहणं हे तिन्ही न्हाणीघरात एकत्र येतं, म्हणून हे तिथे जास्त घडतं. रक्त थांबलं तरी नंतर त्या शिरेवर उपचार करून घ्या, कारण ती पुन्हा फुटू शकते.

जांघेत मऊ गाठ आहे, झोपलं की जाते. हर्निया का?

असू शकेल, पण सॅफेनसच्या संगमाशी फुगलेली शीरही अशीच दिसते. खोकल्यावर बोटाला झिणझिणी लागते, आणि पायावरही शिरा असतात. चिरण्याआधी डॉपलर करावं.

सलाईन पायाला का लावत नाहीत?

मोठ्यांच्या पायात गुठळीची भीती जास्त, म्हणून हाताला प्राधान्य. पण माझ्या इंटर्नशिपच्या काळात जुलाबाने सुकून आलेल्या लहान मुलाच्या हाताची एकही शीर सापडेना, तेव्हा आम्ही घोट्याकडे वळत असू. हाडाच्या दोन सेंटिमीटर पुढे-वर छोटी चीर, आणि तिथे सॅफेनस असायचीच. शरीरात इतक्या भरवशाच्या पत्त्यावर राहणारी शीर क्वचितच. आता अशा वेळी नडगीच्या हाडातच सुई घालतात, त्यामुळे नवीन मुलांना ही चीर चित्रातच दिसते.

जळवा लावून किंवा शीर्षासनाने बरं होतं का?

सुश्रुताने या विकाराला सिराजग्रंथी म्हटलं आहे, म्हणजे आपल्याकडे ओळख जुनी आहे. जळवेने साचलेलं रक्त थोडं कमी होऊन बरं वाटू शकतं, पण गळकी झडप दुरुस्त होत नाही. पाय वर करून झोपल्याने सूज उतरते आणि उभं राहिल्यावर परत येते. चालणं मात्र खरंच उपयोगी, कारण तो पोटरीचा पंप आहे.

फुगलेल्या शिरांसाठी दिलेले घट्ट मोजे उन्हाळ्यात कसे घालायचे?

विदर्भातल्या मे महिन्यात कुणालाही हे सांगताना मला ओशाळं होतं. दिवसभर जमत नसेल तर निदान उभ्याच्या कामाच्या तासांत घाला. घोट्याचं आणि पोटरीचं माप सकाळी द्या, संध्याकाळच्या सुजलेल्या पायाचं नको. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधीच चढवा. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मोजा सरकन वर जातो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. गुडघ्यामागे घडी पडू देऊ नका. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण सैलावतो. आणि चालताना पोटरी भरून येते, थांबलं की लगेच बरं वाटतं, असं होत असेल तर ती धमनीची तक्रार असू शकते. अशा पायात घट्ट मोजा घातक ठरतो, म्हणून पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय दुकानातून आणू नका.